प्लॅस्टिकच्या जुन्या पर्सचे वय कसे ओळखावे?

जुन्या प्लॅस्टिकच्या पर्सचे वय ठरविताना पहिला प्रश्न असा विचारावा, की ती कोणत्या प्लॅस्टिकची आहे? प्लॅस्टिक हा एकच पदार्थ नव्हे. ते अनेक पदार्थांचे कूळ होय, आणि त्यांतील प्रमुख पदार्थांचा जन्मकाळ आपणांस ठाऊक आहे.

या कुळातील वडीलधारे म्हणजे सेल्युलॉइड. नायट्रिक आम्लाची क्रिया केलेल्या कापसात कापूर मिसळून ते तयार करीत. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. हस्तिदंताची हुबेहूब नक्कल त्यात साधत असल्याने पुढे पर्सच्या चौकटी त्याच्या होऊ लागल्या. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट शोधले. काचेसारखे पारदर्शक ॲक्रिलिक ड्यू पाँट कंपनीने १९३७ मध्ये ‘ल्यूसाइट’ या नावाने बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छतांसाठी ॲक्रिलिक खर्ची पडले. युद्ध संपल्यावर ते इतर कामांस मोकळे झाले, आणि १९५० च्या दशकात न्यूयॉर्क व मायामी येथील कारागिरांनी त्याच्या पेटीसारख्या कडक पर्स घडविल्या. दशक सरताना ती आवड ओसरली.

यावरून एक नियम निघतो. पदार्थ वयाची केवळ एक मर्यादा सांगतो. ल्यूसाइटची पर्स १९२५ ची असणे शक्य नाही. परंतु सेल्युलॉइडची पर्स १८७० चीच, असेही म्हणता येत नाही. दुसरी मर्यादा आकार, बिजागरी व आतील नाममुद्रा यांवरून शोधावी लागते.

पदार्थ ओळखण्यास नाक उपयोगी पडते. पृष्ठभाग अंगठ्याने चोळून किंचित ऊन करावा. कापराचा वास आल्यास सेल्युलॉइड, कार्बोलिक आम्लाचा आल्यास बेकेलाइट समजावे. शिरक्याचा वास आला, तर सेल्युलोज ॲसिटेट विघटित होत आहे असे जाणावे. तापलेल्या सुईने परीक्षा मात्र कदापि करू नये. सेल्युलॉइड तत्काळ पेट घेते.

विघटन पावणाऱ्या सेल्युलॉइडमधून आम्लयुक्त वाफा निघतात. त्यांनी बिजागऱ्या गंजतात व शेजारच्या वस्तूही बिघडतात. म्हणून अशी पर्स बंद पिशवीत न ठेवता थंड, कोरड्या व हवेशीर जागी निराळी ठेवावी. पदार्थाची ओळख पटली, तरच वस्तूचे वय कळते आणि तिचे आयुष्यही वाढते.