शाकाहारी असूनही मेटाबॉलिक सिंड्रोम?

प्रश्न : मी ५२ वर्षांची, जन्मापासून शाकाहारी, अंडंही खात नाही. तरी डॉक्टरांनी ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’ सांगितला. असं कसं?

उत्तर : ताई, ‘शाकाहारी’ म्हटल्याने ताटात काय नाही ते कळतं, काय आहे ते नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडा, शंकरपाळे, दिवसातून चार वेळा गोड चहा, सगळं शाकाहारीच! (उपासाला तर आपण रोजच्यापेक्षा जास्त पिष्ट खातो.) भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, या पाचांपैकी तीन जमले की निदान होतं. मांसाहाराचा त्यात उल्लेखही नाही.

शाकाहाराचा खरा फायदा उसळी, डाळी, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे यांत आहे. भात-पोळी निम्मी करा, उसळ दुप्पट. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीन-तीन नकोत. चहातली साखर आधी सोडा. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा; आणि बी-१२ एकदा तपासून घ्याच.