ऑपरेशन झालं, पण हाड जुळलं का?

काही लेकरांचा खुब्याचा सांधा जन्मतःच नीट बसलेला नसतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत व शाळेत येणारं आरोग्य पथक हा दोषही तपासतं. गरज असेल तर पुढे ऑपरेशन होतं. उशिरा कळलं तर मोठ्या वयातही ते करावं लागतं. आज आपण ऑपरेशननंतरच्या काळजीविषयी बोलू.

या ऑपरेशनमध्ये डॉक्टर कमरेचं किंवा मांडीचं हाड मुद्दाम कापतात, योग्य दिशेला वळवतात आणि तारा, स्क्रू किंवा पट्टीने धरून ठेवतात. स्क्रू हाडाला फक्त धरतो, जुळावं हाडालाच लागतं. लहान मुलांत त्याला साधारण सहा आठवडे लागतात. मोठ्यांत तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त.

आपल्या देवणी भागात अडचण इथेच येते. टाके निघतात, दुखणं कमी होतं, तोवर सोयाबीनची काढणी येते किंवा ऊसतोडीची उचल घेतलेली असते. माणूस कुबड्या टाकून कामाला लागतो. कच्च्या हाडावर भार पडला की जोड हलतो, स्क्रू ढिला होतो आणि फट तशीच राहते.

दुसरं कारण तंबाखू. मिसरी, गुटखा, बिडी यांतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात व हाडाला रक्त कमी पोहोचतं. ऑपरेशन ठरलं त्या दिवसापासून हाड जुळेपर्यंत हे सगळं बंद ठेवायचं. मधुमेह आणि अंगात कमी रक्त असेल तर त्यावरही आधी उपचार घ्यावेत. जेवणात भाकरीसोबत डाळ, अंडी, दूध, तीळ असावेत. ड जीवनसत्त्व कमी आहे का, हे डॉक्टरांना विचारावं.

भार टाकल्यावर जांघेत पुन्हा दुखू लागलं, लंगडणं वाढलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला, तर मेडिकलमधून गोळी आणून दिवस काढू नका. पोटरी सुजली किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चोळणं, मालीश करून हाड बसवून घेणं टाळा.

हाड जुळलं नाही म्हणजे सगळं संपलं असं नाही. फट दुखत नसेल तर डॉक्टर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. दुखत असेल तर रुग्णाच्याच कमरेचं थोडं हाड तिथे भरून पुन्हा पट्टी बसवतात. पण त्यासाठी दुसरं ऑपरेशन आणि आणखी काही महिन्यांची मजुरी जाते.

म्हणून कुबडी कधी सोडायची, हे एक्स-रे पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या. जुने सगळे एक्स-रे पिशवीत जपून ठेवा आणि दर तपासणीला सोबत न्या.