बोटीवर सोलर आणि अल्टरनेटर: खर्च किती, फायदा कशात?

बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याशी पोचायला बोटीला तास-दीड तास लागतो. पर्यटक गड चढायला लागले की बोट चार-पाच तास काठाला उभी. इंजिन बंद, छतावर कडक ऊन. कोयनेच्या शिवसागर जलाशयात बोटीला सोलर पॅनेल कशासाठी लावायचं, याचं उत्तर या चार-पाच तासांत आहे.

डिझेल वाचेल या आशेनं मात्र लावू नका. 100 वॉटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 25 अँपिअर-तास देतं. तेवढी वीज इंजिनावरच्या अल्टरनेटरकडून घ्यायला पाव लिटरच्या आसपास डिझेल जळतं, म्हणजे वीस-पंचवीस रुपये. खरी बचत बॅटरीच्या आयुष्यात आहे. लेड-ॲसिड बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते, पण उरलेले वीस टक्के घ्यायला ती चार तास किंवा त्याहून जास्त वेळ लावते, मग अल्टरनेटर कितीही मोठा असो. तापोळा-बामणोलीच्या फेऱ्यांत इंजिन सलग तेवढं चालतच नाही. बॅटरी रोज अर्धवट भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि चार वर्षं चालणारी बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते. म्हणून मोठा भार इंजिनानं भरावा आणि शेवटचा भरणा उन्हानं पुरा करावा. दोन्ही एकत्र जोडण्याचा अर्थ एवढाच.

आधी गरज मोजा. पाणी उपसायचा पंप तीन अँपिअर घेतो आणि दिवसात तासभर चालतो. पर्यटकांचे सहा-सात मोबाइल अर्धेमुर्धे चार्ज करायला सात-आठ अँपिअर-तास जातात. गाणी तीन तास वाजली तर दहा-बारा. एलईडी दिवे आणि भोंगा धरून बेरीज पंचविशीच्या आसपास येते. एवढ्या वापराला 100 वॉटचं एक पॅनेल पुरतं. दुकानदार दोन पॅनेल घ्या म्हणाला, तर कशासाठी, ते त्याच्याकडून कागदावर मांडून घ्या.

आता भाव. दुकानागणिक फरक पडेल, पण अंदाजाला हे आकडे धरा. 100 वॉटचं 12 व्होल्टचं पॅनेल 4 ते 6 हजार. पॅनेलकडून बॅटरीत जाणारं चार्जिंग आवरणारा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर हजार-दीड हजार. एका पॅनेलसाठी तोच बरा, तिप्पट किमतीचा एमपीपीटी कंट्रोलर इथं पैसे वसूल करत नाही. 100 अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी 10 ते 13 हजार. स्टार्टरची आणि वापराची बॅटरी वेगळी ठेवणारा व्होल्टेज रिले, ज्याला दुकानात व्हीएसआर म्हणतात, तो अडीच ते 5 हजार. वायर, फ्यूज, लग आणि क्लॅम्प मिळून अडीच ते साडेतीन हजार, मजुरी दीड ते अडीच हजार. सगळं नवं घेतलं तर 22 ते 32 हजार. वापराची बॅटरी चांगली असेल तर 12 ते 18 हजारांत भागतं. सप्टेंबर 2025 पासून सोलर पॅनेलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. कोणी जुना दर लावत असेल तर बिल तिथंच दुरुस्त करून घ्या.

रिलेवर काटकसर करू नका. इंजिन चालू असताना तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि इंजिन बंद झाल्यावर व्होल्टेज उतरलं की तोडतो. त्यामुळे गाण्यांनी कितीही वीज खाल्ली तरी परतीला स्टार्टर फिरतो. संध्याकाळी वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीच्या काठाला माणसं भरलेली बोट सुरूच होत नाही, अशी वेळ कुणावर येऊ नये. रिलेच्या जागी स्वस्तातला डायोड सुचवला जातो. तो अर्धा-पाऊण व्होल्ट खातो आणि बॅटरी पुन्हा अर्धवटच भरते.

वायरचंही तसंच. बॅटरी इंजिनापासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर होते. 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून 20 अँपिअर गेले की सहा दशांश व्होल्ट वाटेतच जातो. अल्टरनेटरवर 14.2 दिसतं, बॅटरीवर 13.6. तिथं 16 ची वायर हवी. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, बॅटरी थोडी उतरलेली असताना, मीटर आधी अल्टरनेटरला आणि मग बॅटरीच्या टर्मिनलला लावायला सांगा. फरक तीन दशांशाच्या वर असेल तर पैसे देऊ नका. प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज असलाच पाहिजे. बोटीत डिझेल असतं, शॉर्टसर्किटला दुसरी संधी नसते.

दोन्हीकडून एकाच वेळी चार्जिंग झालं तर काही जळत नाही. अल्टरनेटरनं व्होल्टेज वर धरलं की सोलरचा कंट्रोलर आपोआप हात आखडता घेतो. जळतं ते वेगळ्या कारणानं: इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढली की अल्टरनेटरचे डायोड जातात. कंट्रोलर जोडतानाही आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलटं.

लिथियमचा आग्रह होईल. बॅटरी हलकी आहे, टिकते, पण ती अल्टरनेटरकडून सगळा प्रवाह ओढून त्याला तापवते. मग मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा, आणि एकूण आकडा 50 ते 80 हजारांवर जातो. रोज दोन-चार फेऱ्यांच्या बोटीला हा खर्च मला पटत नाही. वाकणारी पातळ पॅनेलंही टाळा, छतावर तापून ती लवकर खराब होतात. शिवसागराचं पाणी गोडं आहे, त्यामुळे मालवणच्या खाऱ्या हवेला लागणारी कथिलाचा मुलामा दिलेली महाग वायर इथं नसली तरी चालते. लग मात्र घट्ट दाबून बसवलेले हवेत. आणि ‘पीएम सूर्यघर’ची सबसिडी घराच्या छताला आहे, बोटीला नाही. मिळवून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. बिलावर पॅनेल-बॅटरीचे सिरियल नंबर घ्या; वॉरंटी नाकारली तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

सांगलीकडे, कृष्णाकाठी, गरज निराळी. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पुराच्या बोटी मात्र वर्षातले बहुतेक महिने शेडमध्ये पडून असतात, आणि नेमक्या ऑगस्टच्या रात्री सर्चलाइटची बॅटरी उतरलेली निघते. इथं अल्टरनेटर उपयोगाचा नाही, कारण इंजिन चालतच नाही. शेडच्या पत्र्यावर 20 ते 40 वॉटचं पॅनेल आणि छोटा कंट्रोलर लावा, खर्च दोन-तीन हजार. ग्रामपंचायतीनं हे मे महिन्यात उरकावं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मीटर लावून पाहावं: पॅनेल काढून रात्रभर ठेवलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसलेच पाहिजेत.