ग्रंथकाराचा ग्रंथ व वाचकाचा विश्वास
(जॉन बन्यन ह्याच्या चरित्रावरून व लेखांवरून एक पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग: प्रेषितांचीं कृत्यें ८:२६-३९, १७:१०-१२, २ तीमथ्य ४:९-१३.



यरुशलेमाहून गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेनें एक कूशी अधिकारी रथांत बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत चालला होता. ग्रंथ हातांत होता, अक्षरें येत होतीं, परंतु तें वचन कोणाविषयीं आहे हें त्यास कळेना. तेव्हां देवानें त्याच्याकडे फिलिप्पास पाठविलें. फिलिप्प रथांत चढून त्याच्याजवळ बसला, आणि त्याच शास्त्रलेखापासून आरंभ करून त्यानें त्यास येशूची सुवार्ता सांगितली. बाप्तिस्मा झाल्यावर फिलिप्प त्याच्या दृष्टीस पडला नाहीं, तरी तो अधिकारी आनंद करीत आपल्या वाटेनें गेला. चांगला ख्रिस्ती ग्रंथकार ह्या फिलिप्पासारखा असतो. तो वाचकाजवळ येऊन बसतो, शास्त्राचा अर्थ उघड करितो, आणि मग रथांतून उतरून जातो. वाचकाचा आनंद मात्र मागें राहतो.

हा विषय आम्हीं कां घेतला तें सांगतों. खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनींचा विश्वास आरंभीं उसना असतो. बापानें बाप्तिस्मा घेतला म्हणून मुलानें घेतला. भाऊबंद मंडळींत आले म्हणून आम्ही आलों. उपदेशक सांगतो म्हणून तें खरें. अशा आरंभास देव तुच्छ मानीत नाहीं. पण पुढें एक दिवस येतो. पाऊस ओढ देतो, बैल मरतो, किंवा तान्हें मूल दगावतें, आणि शेजारीपाजारी म्हणतात, "घरचे देव टाकलेत, त्याचें हें फळ." त्या रात्रीं उसना विश्वास पुरत नाहीं. उपदेशक दुसऱ्या गांवीं असतो, पाळकाची फेरी लांब असते. अशा वेळीं मनुष्यास देवाचें वचन तर पाहिजेच. आणि त्याच अंधारांतून पूर्वीं चालून गेलेल्या एखाद्या भावाची साक्षहि पाहिजे. ही साक्ष चांगला ग्रंथ आणून देतो. ती कशी, हें आपण जॉन बन्यन ह्या इंग्रज ग्रंथकाराच्या उदाहरणावरून पाहूं.

१. ग्रंथकार पूर्वीं वाचक होता

बन्यन हा इ. स. १६२८ सालीं इंग्लंडांतील बेडफर्ड शहराजवळ एल्स्टो नांवाच्या खेड्यांत जन्मला. त्याचा बाप तांब्यापितळेचीं भांडीं दुरुस्त करी, व मुलगाहि तोच धंदा शिकला. शाळा थोडीच झाली. त्याचें पहिलें लग्न झालें तेव्हां नवराबायकोंच्या घरांत एक ताट किंवा चमचाहि नव्हता. परंतु बायकोनें बापाकडून मिळालेलीं दोन धार्मिक पुस्तकें बरोबर आणिलीं होतीं. एक आर्थर डेंट ह्याचें व दुसरें लुइस बेली ह्याचें. बन्यन पुढें लिहितो कीं त्या पुस्तकांनीं आपलें अंतःकरण जागें झालें नाहीं, परंतु सुधारावें अशी इच्छा मात्र उत्पन्न झाली. तो उपासनेस जाऊं लागला, शिव्याशाप सोडूं लागला, आणि शेजारी त्याची वाहवा करूं लागले.

मग एके दिवशीं बेडफर्ड येथें तीनचार गरीब स्त्रिया दारांत उन्हांत बसून बोलत असतां त्यानें ऐकिल्या. देवानें आपल्या अंतःकरणांत काय केलें, नवा जन्म कसा झाला, हें त्या सांगत होत्या. धर्माविषयीं बोलण्यांत बन्यन आतां पटाईत झाला होता; तरी ह्या बायांपाशीं जें आहे तें आपल्यापाशीं नाहीं हें त्यास तेथें कळून चुकलें. उसना विश्वास व स्वतःचा विश्वास ह्यांतील अंतर त्यास त्या दारापाशीं दिसलें.

त्यानंतर त्याच्या मनांत कित्येक वर्षें मोठी झुंज चालली. आपण एसावाप्रमाणें आपला वारसा विकून बसलों, आतां क्षमा नाहीं, असें त्यास वाटे. ह्या झुंजीच्या काळांत, देवाच्या वाटेनें पूर्वीं गेलेल्या एखाद्या जुन्या भक्ताचा अनुभव वाचावयास मिळावा अशी त्याची उत्कंठा होती. तेव्हां मार्टिन लूथर ह्याचें गलतीकरांच्या पत्रावरील विवरण त्याच्या हातीं आलें. प्रत इतकी जुनी कीं पानें गळून पडावयास आलीं होतीं. थोडेंसें वाचतांच त्यास वाटलें कीं हें पुस्तक जणूं आपल्याच अंतःकरणांतून लिहिलें आहे. घायाळ विवेकास पवित्र शास्त्राखालोखाल ह्याहून योग्य पुस्तक आपण पाहिलें नाहीं, अशा अर्थाची साक्ष त्यानें दिली आहे.

येथें दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली ही कीं आपल्यासारखाच झगडा शंभर वर्षांपूर्वीं दुसऱ्या देशांतील एका भक्तास झाला होता, हें कळल्यानें त्याचा एकटेपणा गेला. जो मनुष्य समजतो कीं असा संशय माझ्या एकट्यालाच येतो, तो संशयाहून त्या एकटेपणानेंच अधिक खचतो. दुसरी ही कीं इतकें प्रेम असूनहि त्यानें लूथराचें पुस्तक शास्त्राच्या खालींच ठेविलें. लूथरानें त्यास पौलाच्या पत्राजवळ नेऊन बसविलें, व पौलानें ख्रिस्ताजवळ.

२. संशयाचा किल्ला व उराशीं असलेली किल्ली

परवान्यावांचून उपदेश करितो म्हणून नोव्हेंबर १६६० मध्यें बन्यनास पकडलें. उपदेश सोडतों एवढें वचन दिलें असतें तर तो घरीं जाऊं शकला असता. घरीं दुसरी बायको एलिझाबेथ व पहिलीचीं चार मुलें होतीं. त्यांतील मेरी ही आंधळी होती, आणि तिच्या आठवणीनें त्याचें काळीज फाटे. तरी त्यानें तें वचन दिलें नाहीं. सुमारें बारा वर्षें, म्हणजे १६७२ पर्यंत, तो तुरुंगांत राहिला. नाड्या करून व त्या विकून तो घरास हातभार लावी. तेथें असतांना, १६६६ सालीं, त्याचें आत्मवृत्त छापलें गेलें. आणि १६७८ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला जो मराठींत 'यात्रिकक्रमण' ह्या नांवानें ओळखला जातो. मुंबईचे हरि केशवजी ह्यांनीं १८४१ सालीं तो आपल्या भाषेंत आणिला.

त्या ग्रंथांतील एकच प्रसंग घेऊं. ख्रिस्तियन नांवाचा यात्रिक व त्याचा सोबती आशावंत हे चालत असतां वाट खडकाळ झाली, पाय दुखूं लागले. कुंपणापलीकडे मऊ कुरणांतून एक पायवाट दिसली, तेव्हां ते तिकडे वळले. रात्र झाली, पाणी चढलें, वाट सांपडेना. थकून ते निजले. सकाळीं नैराश्य नांवाच्या राक्षसानें त्यांस धरून आपल्या संशयाच्या किल्ल्यांत कोंडलें. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अन्न नाहीं, पाणी नाहीं, उजेड नाहीं. वर राक्षसाचा मार, व जिवाचा शेवट करून टाका असा त्याचा उपदेश. शनिवारीं मध्यरात्रीं ते दोघे प्रार्थना करूं लागले. रविवारीं उजाडण्याच्या थोडें आधीं ख्रिस्तियनास एकाएकीं आठवलें कीं आपल्या उराशीं एक किल्ली आहे. तिचें नांव देवाचें अभिवचन. त्या किल्लीनें कोठडीचें दार उघडलें, बाहेरचें दार उघडलें. शेवटच्या लोखंडी दरवाजाचें कुलूप फार अवघड गेलें, तरी तेंहि उघडलें.

मूल मातीस देऊन घरीं आलेल्या बापास हा प्रसंग वाचून दाखवा. प्रथम त्यास हें कळेल कीं त्या किल्ल्यांत सांपडलेला मनुष्य खरा यात्रिक होता. संशय आला म्हणून आपण ख्रिस्ताचे नाहीं असें होत नाहीं. नंतर हें कळेल कीं आशावंत सोबतीस होता म्हणून ख्रिस्तियन राक्षसाच्या उपदेशास बळी पडला नाहीं. ह्यासाठीं दुःखांत मंडळीपासून दूर राहूं नये. आणि शेवटीं हें कळेल कीं किल्ली बाहेरून कोणी आणून दिली नाहीं. ती चारहि दिवस त्याच्याजवळच होती. ग्रंथकार आपणांस नवी किल्ली करून देत नाहीं; आपल्याच उराकडे बोट दाखवितो. म्हणून ज्या मनुष्यास अक्षर येत नाहीं त्यानेंहि शास्त्रांतील कांहीं अभिवचनें तोंडपाठ करून ठेवावीं. अंधाऱ्या कोठडींत पुस्तक वाचतां येत नाहीं.

ख्रिस्तियन ह्या घराचा धनी मोठा नव्हे कीं सुटल्याचा गर्व करावा. सुटल्यावर त्या दोघांनीं प्रथम एक काम केलें: त्या कुंपणापाशीं खांब उभारून त्यावर मागून येणारांसाठीं इशारा कोरला, व तो वाचून पुष्कळ जण वांचले. बन्यनाचे ग्रंथ हे असेच खांब आहेत.

३. घरच्या माणसांविषयीं

ग्रंथाच्या आरंभीं ख्रिस्तियन घरदार व बायकामुलें मागें टाकून, कानांत बोटें घालून पळत सुटतो. हें वाचून आपल्यांतील कित्येकांस धीर येतो, कारण बाप्तिस्म्यामुळें त्यांसहि आप्तांपासून तुटावें लागलें. परंतु कोणी त्याचा असा अर्थ करूं नये कीं न आलेल्या बायकोशीं कठोर व्हावें. बन्यनानें १६८४ सालीं दुसरा भाग लिहिला. त्यांत ख्रिस्तियनाची बायको आपल्या चार मुलांसह व दया नांवाच्या शेजारणीसह त्याच वाटेनें निघते. आमच्या महाराष्ट्रांत रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं घेतला. नवऱ्याचा विश्वास उसना घेऊन त्या आल्या नाहींत. तो त्यांचा स्वतःचा झाला तेव्हां आल्या. ज्याच्या घरीं अशी वाट पाहणें चाललें असेल त्यानें दोन्ही भाग वाचावे, प्रार्थना करावी, व प्रेमानें वागावें.

४. कसें वाचावें

पहिलें, थोडें व मोठ्यानें वाचावें. एकास वाचतां येत असेल तर रात्रीं कामें आटोपल्यावर त्यानें घरच्यांस दोन पानें वाचून दाखवावीं. ऐकणाराचा वाटा वाचणाराहून कमी नाहीं.

दुसरें, बिरुया येथील लोकांप्रमाणें पडताळून पाहावें. त्यांनीं पौलाचा उपदेशहि शास्त्राशीं ताडून पाहिला. मग बन्यनाचा कां पाहूं नये? ग्रंथकार मनुष्यच असतो. बन्यनाच्या लेखांत त्याच्या काळच्या पंथांच्या भांडणांची धार आहे. रोमचा पोप त्यानें एका म्हाताऱ्या राक्षसाच्या रूपानें रंगविला आहे. त्याचा विश्वास आपण घ्यावा, त्याचें भांडण घेऊं नये.

तिसरें, वाचून झाल्यावर स्वतःस विचारावें: ह्या वाटेवर मी आज कोठें आहें? दलदलींत, कुरणाच्या कुंपणापाशीं, कीं किल्ल्यांत? दुसऱ्यास नांव ठेवण्यासाठीं वाचलेलें पुस्तक वाचणाराचें कांहींच हित करीत नाहीं.

चौथें, आपणहि खांब उभारावा. तुम्हांस ग्रंथ लिहितां येणार नाहीं; पण देवानें तुम्हांस ज्या कोठडींतून काढिलें तिची गोष्ट नव्या विश्वासणाऱ्यास सांगतां येईल. बेडफर्डच्या त्या गरीब बायांनीं एकहि ओळ लिहिली नाहीं. त्या दारांत बसून बोलल्या एवढेंच.

मरण जवळ आलें असतां तुरुंगांतून पौल तीमथ्यास लिहितो कीं झगा आण, पुस्तकेंहि आण, विशेषेंकरून चर्मपत्रें आण. ज्यास स्वतः प्रभूनें दर्शन दिलें त्यासहि थंडीच्या दिवसांत वाचावयास पाहिजे होतें. मग आपण पुस्तकावांचून चालेल असें कसें म्हणावें?

उपदेशकांनीं मंडळीस विचारावयाचे प्रश्न

(१) फिलिप्प निघून गेल्यावरहि तो अधिकारी आनंदित कां राहिला?
(२) बन्यनानें त्या स्त्रियांच्या बोलण्यांत असें काय ऐकिलें जें त्याच्यापाशीं नव्हतें?
(३) किल्ली उराशीं असतां ख्रिस्तियन चार दिवस कोठडींत कां पडून राहिला?
(४) तुम्हांस तोंडपाठ असलेलें एक अभिवचन सांगा. तें कोणत्या प्रसंगीं उपयोगीं पडलें?
(५) ह्या आठवड्यांत तुम्ही कोणाजवळ जाऊन बसाल?