स्क्रीनशॉट काढताना: वकिली सुरू करणाऱ्या भाचीला पत्र

सिव्हिल लाइन्स, नागपूर

चि. मृण्मयी हिस,


सनदेबद्दलचं अभिनंदन फोनवर झालंच आहे, म्हणून सरळ कामाचं लिहितो. बेसाच्या प्लॉटच्या प्रकरणात तू पक्षकाराकडून जमवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पाहिले. मेहनत दिसते. पण आज ती फाइल घेऊन तू दिवाणी न्यायालयात उभी राहिलीस, तर समोरचा वकील पाच मिनिटांत तिची हवा काढेल. आणि त्याला त्यासाठी फार हुशार असण्याचीही गरज नाही.

पहिलाच कागद घे. वर नाव आहे ‘बंटी भाऊ प्लॉटवाले’. खाली मजकूर, ‘बयाणा भेटला. रजिस्ट्री दिवाळीनंतर करू.’ संपलं. नंबर दिसत नाही. तारीख दिसत नाही, कारण कागदावर नीट बसावं म्हणून वरची पट्टी तूच कापलीस. अगं, मी माझ्या फोनात तुझा नंबर ‘सरन्यायाधीश’ नावाने साठवला तर तुझे सगळे मेसेज मला सरन्यायाधीशांकडूनच येतील. नाव ठेवणारा फोनचा मालक असतो. म्हणून आधी त्या संपर्काचं पान उघडून पूर्ण नंबर दिसेल असा एक स्क्रीनशॉट, आणि त्याच बैठकीत संभाषणाचे पुढचे. एका चित्रातला शेवटचा मेसेज पुढच्या चित्रात सगळ्यात वर दिसलाच पाहिजे. सांधा जुळला नाही की ‘मधलं काय गाळलं?’ हा प्रश्न येतो, आणि पक्षकाराने खरंच काहीतरी गाळलेलं असण्याची शक्यता तू कधी विसरू नकोस.

ग्रुपमधला मेसेज असेल तर पाठवणाऱ्याचा नंबर आणखीच महत्त्वाचा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात आपल्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराचा दोष, दोघांचा समान उद्देश दिसल्याशिवाय, ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर टाकता येत नाही. तेव्हा ग्रुपचं नाव आणि अ‍ॅडमिन दाखवून भागत नाही, लिहिणारा हात दिसला पाहिजे.

चित्रावर भरवसा किती ठेवायचा हे आपल्या पानठेलेवाल्यांना वकिलांच्या आधी कळलं. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून सटकणारी पोरं त्यांनी पाहिली आहेत. आता गिऱ्हाईक मोबाइल नाचवत असतं, खर्रा घोटून तयार असतो, पण पुडी हातात पडते ती गल्ल्याजवळचा डबा रक्कम बोलला की मगच. न्यायाधीश त्या ठेलेवाल्यापेक्षा कमी चौकस असावेत, असं काहून समजायचं?

यावरचा मोठा निकाल आपल्याच राज्यातला आहे आणि तो तू मुळातून वाचावास, नोट्समधून नाही. २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. वाद असा की खोतकरांचा उमेदवारी अर्ज मुदतीत, म्हणजे २७ सप्टेंबरच्या दुपारी ३ च्या आत, दाखल झाला की नंतर. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर कॅमेरे होते. चित्रीकरण होतं, त्याच्या सीडी होत्या, त्यात काय दिसतं तेही उघड होतं. नव्हता तो फक्त एक कागद: पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र. गोरंट्याल ते मागत राहिले, अधिकाऱ्यांनी दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने खुद्द अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानून नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी न्या. नरिमन यांच्या पीठाने सांगितलं की मूळ यंत्राऐवजी नक्कल दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीने त्याची जागा भरत नाही. मात्र ज्याने ते मिळवायला हात-पाय मारले आणि समोरच्याने दिलंच नाही, त्याला कायदा अशक्य ते करायला लावत नाही. अपील फेटाळलं गेलं. तोवर ती विधानसभाच संपली होती, २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती.

या निकालातून लोक ‘प्रमाणपत्र अनिवार्य’ एवढंच उचलतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त कामाचा वाटतो. गोरंट्याल टिकले ते त्यांनी लेखी मागणी केली होती म्हणून. तेव्हा बँक असो, सोसायटी असो, मोबाइल कंपनी असो, प्रमाणपत्र पहिल्याच महिन्यात लेखी माग आणि नकार आला तर तोही फाइलला लाव. आणखी एक वाट त्याच निकालात आहे: मूळ फोनच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्षीत तो आपला असल्याचं सिद्ध केलं, तर नकलेचा प्रश्न येत नाही. म्हणून प्लॉटवाल्या पक्षकाराला बजाव, तो फोन विकायचा नाही, बदलायचा नाही, ‘स्लो झाला’ म्हणून फॉरमॅट तर मुळीच करायचा नाही.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा जुना पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. आता कलम ६३ बघायचं. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे, त्याचे दोन भाग: ‘अ’ पक्षकाराने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. यंत्राची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय, सगळं विचारलंय. आणि विचारलाय हॅश. हे प्रकरण तुम्हा नव्या पोरांना जुन्या वकिलांपेक्षा लवकर कळेल. फाइल एका गणितातून घातली की अक्षरं-आकड्यांची एक ओळ बाहेर येते. एसएचए-२५६ वापरलं तर ६४ चिन्हांची. चित्रातला एक ठिपका बदलला तरी ओळ पार वेगळी येते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ लिहून पुढे फाइलचा पत्ता दिला की काम होतं. स्क्रीनशॉट काढला त्याच दिवशी ही ओळ काढून वहीत लिही, खाली तारीख-वेळ टाक. सहा महिन्यांनी काढलेला हॅश एवढंच सांगतो की सहा महिन्यांनंतर फाइल बदलली नाही.

इथेच तुझी मोठी गफलत झाली आहे. पक्षकाराने तुला चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली. वाटेत व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून लहान करतं. म्हणजे तुझ्याकडची फाइल आणि त्याच्या फोनातली फाइल या दोन वेगळ्या वस्तू झाल्या, हॅश जुळणारच नाही. पुन्हा मागव, आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, नाहीतर केबल लावून स्वतः घे.

ऑफिसातल्या संगणकावर काम करताना बटणं लक्षात ठेव. नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्र क्लिपबोर्डवर जातं (नव्या विंडोजमध्ये काटछाटीचं स्निपिंग टूलही उघडू शकतं), आणि क्लिपबोर्डवरचं चित्र वर्डमध्ये चिकटवून मूळ हरवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. विंडोज आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं तर पूर्ण पडदा ‘पिक्चर्स’मधल्या ‘स्क्रीनशॉट्स’ या फोल्डरमध्ये आपोआप साठतो. पुराव्यासाठी हेच वापर. विंडोज-शिफ्ट-एस ने हवा तेवढा तुकडा घेता येतो, तो सिनियरला पटकन दाखवायला ठीक. पुराव्यात कोपऱ्यातलं घड्याळ, वरचा पत्ता, खालची पट्टी, सारं येऊ दे. वेबसाइटचं पान असेल तर त्याच वेळी प्रिंटमध्ये जाऊन ‘हेडर्स अँड फूटर्स’वर खूण करून पीडीएफही ठेव, प्रत्येक पानावर तारीख आणि पत्ता आपसूक छापला जातो.

काही ठिकाणी स्थिर चित्र अपुरं पडतं. लांबलचक संभाषण, आवाजाचे मेसेज, बदलत राहणारं पान, इथे स्क्रीन रेकॉर्डिंग घे. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये ती सोय आहे. विंडोज-जी ने उघडणारा गेम बार मात्र एकाच खिडकीचं रेकॉर्डिंग करतो, फोल्डर उघडून दाखवायला गेलीस तर ते त्यात येणार नाही. ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम फुकट आहे आणि पूर्ण पडदा घेतो. त्यात एमकेव्ही प्रकार ठेव, म्हणजे मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं. सुरुवात घड्याळ आणि तारखेवर कर, मग ब्राउझर, मग पत्ता, मग सावकाश खाली सरकत जा. मधे थांबवू नकोस, नंतर जोडू नकोस. आधी दहा सेकंदांची चाचणी घेऊन आवाज येतोय का ते ऐक. आणि नोटिफिकेशन बंद कर, बाई! न्यायालयात वाजणाऱ्या रेकॉर्डिंगवर तुझ्या आईचा ‘भरीत करून ठेवलंय, केव्हा येतेस’ हा मेसेज कुणाला वाचायचा नसतो.

चित्रातली दुसऱ्याची खाजगी माहिती झाकायची असेल तर नीट झाक. आधार क्रमांकावर हायलायटर फिरवून लोक निश्चिंत होतात, उजेड वाढवला की आकडे खालून हसतात. गडद चौकोन टाक, आणि तो मुळावर नाही, नकलेवर. नुसतं कापलं म्हणजे गेलं असंही नाही: २०२३ मध्ये विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये दोष सापडला होता, कापून त्याच नावाने साठवलेल्या चित्रात कापलेला भाग शिल्लक राहायचा. मायक्रोसॉफ्टने तो दुरुस्त केला. जुन्या फाइली मात्र जिथे आहेत तिथे तशाच आहेत.

आता नाजूक गोष्ट. कौटुंबिक न्यायालयाची कामं येऊ लागली की पक्षकार विचारतील, ‘वकील मॅडम, तिच्या फोनचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या लॅपटॉपवर लावून घेऊ का?’ उत्तर नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्ह्यापर्यंत जातं, आणि सल्ला देणारीही त्यात ओढली जाऊ शकते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जोडीदाराचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रणही वैवाहिक वादात पुरावा म्हणून येऊ शकतं, असं म्हटलं आहे. ते खरं. पण न्यायालय आलेला पुरावा स्वीकारतं आणि वकील तो चोरून आणायला शिकवतो, यातलं अंतर मोठं आहे. मी ते ओलांडत नाही, तूही ओलांडू नयेस असं मला वाटतं. व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या सुनावणीचं रेकॉर्डिंग तर परवानगीशिवाय करायचंच नाही. घरच्यांना आपला पहिला युक्तिवाद दाखवायचा मोह होतो, तो आवर.

कुणी ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करणाऱ्या भामट्यांच्या फोनने हादरून, पैसे गेल्यावर तुझ्याकडे आलं, तर त्याला स्क्रीनशॉट काढत बसवू नकोस. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावून दे, पैसे पुढच्या खात्यात पोचण्याआधी अडवता आले तर तेवढेच. चित्रं त्यानंतर.

प्लॉटच्या फाइलचं एवढं कर: फोन मागव, चित्रं नव्याने घे, हॅश लिही, भाग ‘अ’ भरून घे. भाग ‘ब’साठी तज्ज्ञ लागेल आणि त्याची फी वेगळी पडेल, ती पक्षकाराला आजच सांग. नंतर सांगितलेली प्रत्येक फी त्याला वकिलाचीच वाटते.

तुझा,
मामा