कार्बन गाडण्यात करिअर आहे का?

‘मुलगी केमिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत जाऊन कार्बन कॅप्चरमध्ये एमएस करायचं म्हणते. स्कोप आहे का हो?’ पालक हा प्रश्न हल्ली विचारू लागलेत. खरी काळजी वेगळीच असते: फ्लॅट तारण ठेवून काढलेलं कर्ज फिटेल ना?

कार्बन कॅप्चर म्हणजे कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली गाडणं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या डेकेटरचं उदाहरण घ्या. तिथे आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनी मक्यापासून इथेनॉल बनवते. मका आंबताना जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. वीजकेंद्राच्या धुरातून तो रसायनात शोषून घ्या, मग ते रसायन तापवून पुन्हा सोडवा, हा खर्चिक खटाटोप इथे वाचतो. वायू दाबून सुमारे दोन किलोमीटर खोल वालुकाश्मात सोडतात. वर शेल खडकाचं झाकण असतं. 2011 ते 2014 या काळात इथे सुमारे 10 लाख टन वायू गाडला गेला. पुढे 2024 मध्ये उघड झालं की निरीक्षण विहिरीच्या गंजलेल्या भागातून द्रव भलत्याच थरात शिरला होता. कंपनीला इंजेक्शन थांबवावं लागलं.

हे वाचून आईवडील धास्तावतात. मला मात्र नोकऱ्या इथेच दिसतात. अमेरिकी नियमांनुसार वायू सोडणं बंद केल्यावरही साधारण 50 वर्षं जागेवर लक्ष ठेवावं लागतं. विहिरीतला सिमेंटचा बांध टिकला का, केसिंग (विहिरीची पोलादी नळी) गंजलं का, वायू कुठवर सरकला, हे कुणीतरी पाहणारच.

धास्ती घ्यायचीच तर सरकारी धोरणाची घ्या. ह्यूस्टनजवळचा पेट्रा नोव्हा प्रकल्प 2017 मध्ये सुरू झाला. पकडलेला वायू जुन्या विहिरींतून तेल काढायला वापरायचे. 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि प्रकल्प बंद पडला, तो सुरू झाला थेट 2023 मध्ये. गाडलेल्या टनामागे 85 डॉलरची करसवलत आहे खरी. पण मे 2025 मध्ये ऊर्जा खात्याने 24 प्रकल्पांची 3.7 अब्ज डॉलरची मदत रद्द केली, त्यात कार्बन कॅप्चरचे बरेच होते. ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीची, वर्षं अशा गोंधळात गेली तर हप्ते कोण भरणार?

म्हणून पदवी केमिकल, पेट्रोलियम किंवा भूशास्त्राचीच घ्यावी. कार्बन हा प्रोजेक्टचा विषय असू द्या. पदवीवर ‘कार्बन’ छापून आणायचा हट्ट नको.

आकड्यांत रमणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. एका देशाने कार्बनवर कर लावला की सिमेंट-पोलादाचे कारखाने करमुक्त देशात सरकतात. शिवाय तिथला कोळशाचा खप घटून जगात भाव पडतो आणि दुसरे देश तोच कोळसा जास्त जाळतात. ही झाली ‘कार्बन लीकेज’. धूर पकडून गाडला तर कोळशाची मागणी टिकते, त्यामुळे भाव तितका पडत नाही. कारखानाही जागेवर राहू शकतो, अर्थात पकडण्याचा खर्च करापेक्षा कमी असेल तरच. हा हिशेब अर्थशास्त्र आणि अभियांत्रिकी दोन्ही येणाऱ्यालाच जमतो.

त्यासाठी अमेरिकाच गाठायला हवी असंही नाही. 2026 पासून युरोपने आयात पोलाद, सिमेंट आणि ॲल्युमिनियमवर कार्बनचा आकार लागू केलाय. त्यामुळे आपल्या निर्यातदारांनाही टनाटनाचा हिशेब द्यावा लागतो. आयआयटी मुंबईत कार्बन कॅप्चरचं राष्ट्रीय केंद्र आहे. कर्जाच्या कागदांवर सही करण्याआधी मुलीला तिथे इंटर्नशिपसाठी अर्ज करायला सांगा.