बालमधुमेह आणि बीटा पेशी
“गोड जास्त दिल्यामुळे झाले का?” असे इंदूरमधील पालक मला हमखास विचारतात. टाइप 1 मधुमेहात दोष आहाराचा नसून स्वप्रतिकारशक्तीचा असतो. लँगरहान्स यांनी 1869 मध्ये वर्णिलेल्या स्वादुपिंडातील पेशीद्वीपांत लिम्फोसाइट शिरतात व इन्सुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींचा नाश करतात. अल्फा पेशी मात्र टिकून राहतात. गेप्ट्स यांनी 1965 मध्ये अल्पवयीन रुग्णांच्या स्वादुपिंडात ही विकृती दाखवून दिली. सात वर्षांच्या आतील मुलांत हा नाश अधिक तीव्र असतो. म्हणून व्यवसायबंधूंना व पालकांना विनंती : अतितहान, वारंवार लघवी, घटते वजन दिसताच त्याच दिवशी बालकाची रक्तशर्करा तपासावी. गेलेल्या पेशी परत मिळत नसल्या, तरी वेळीच दिलेल्या इन्सुलिनने प्राण वाचतात.